जे नव्हतं, त्याचा शोध

एखाद्या सुताराकडे सागाच्या लाकडाचं आडवं टोक धारदार पात्याने तासून घ्या आणि भिंगाखाली धरा. वर्षवलयांच्या कडेने बारीक भोकांच्या रांगा दिसतील. या वाहिन्या. मुळांनी ओढलेलं पाणी यांतूनच शेंड्यापर्यंत चढतं. बाभूळ घ्या, कडुनिंब घ्या, पूर्णा नदीकाठच्या कुठल्याही सपुष्प झाडात त्या सापडणारच.

पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अँबोरेला या लहानशा झाडात मात्र त्या नाहीत. बाय्यों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याला नाव दिलं आणि पुढे ते मोनिमिएसी कुळात बसवलं गेलं. १९४८ साली हार्वर्डचे आयर्विंग बेली आणि बंगळूरहून त्यांच्याकडे गेलेले बी. जी. एल. स्वामी यांनी त्याचं लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं.

एखादी गोष्ट आहे, हे दाखवायला एक पुरावा पुरतो. ती नाही, हे दाखवताना कस लागतो. आडव्या छेदात अरुंद वाहिनी सहज नजरेतून निसटते. म्हणून उभे छेदही घ्यायचे, लाकूड आम्लात मुरवून पेशी सुट्या करायच्या आणि त्यांची टोकं तपासायची. टोकाला आरपार भोक असेल तर ती वाहिनी. टोक बंद असेल तर ट्रॅकिड, देवदारात असते तशी. अँबोरेलाच्या लाकडात नुसत्या ट्रॅकिड होत्या.

मग वाहिन्या नसलेल्या विंटरेसी कुळात त्याला ढकलायचं का? मला खरं कौतुक वाटतं ते इथे. विंटरेसीत पानाच्या पेराशी खोडातल्या वाहक वलयाला तीन खिंडी पडतात, अँबोरेलात एकच. मोनिमिएसीतल्या सुगंधी तेलाच्या पेशीही त्यात नाहीत. एका लक्षणावरून सोयरीक न जुळवता दोघांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला वाहिनीविहीन झाडांचा ‘नवा प्रकार’ म्हटलं. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ पिशों यांनी अँबोरेलेसी हे स्वतंत्र कुळ मांडलं.

१९९९ साली जनुकांचा पुरावा आला. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाची अगदी पहिली फांदी अँबोरेलाची, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

स्वामी पुढे ‘हसुरु होन्नु’ या पुस्तकामुळे कन्नडमध्ये घरोघरी पोचले. आपल्याकडे बी.एस्सी.च्या मुलांकडून छेद कापून घेणाऱ्या शिक्षकांनी अँबोरेलाची ही हकिगत वर्गात जरूर सांगावी.