‘पाठविले’ या शब्दाचे तीन अर्थ : संकेतस्थळावरील फॉर्मच्या ईमेलला होणारा विलंब व त्याचे निदान

१. संकेतस्थळावरील संपर्काचा फॉर्म भरून शेवटचे बटण दाबले की पडद्यावर बहुधा एकच वाक्य उमटते : ‘आपला संदेश पाठविण्यात आला आहे.’ फॉर्म भरणारा निश्चिंत होतो. परंतु तोच संदेश संस्थेच्या ईमेलपेटीत चार तासांनी दाखल झाला आणि दरम्यान अर्जाची मुदत संपली, तर वाद उत्पन्न होतो. अर्जदार म्हणतो, ‘मी वेळेत पाठविले’; कार्यालय म्हणते, ‘आम्हांस वेळेत मिळाले नाही.’ दोघेही खरेच बोलत असतात. ‘पाठविणे’ या एकाच क्रियापदाने येथे तीन निरनिराळ्या घटनांचा निर्देश होतो व त्या तिन्ही एकाच क्षणी घडल्या असे उभयपक्षी गृहीत धरले जाते, हे या वादाचे मूळ होय. या तीन घटना पृथक् केल्या की विलंबाचे निदान बरेच सुलभ होते.

२. पहिली घटना स्वीकाराची. फॉर्ममधील मजकूर संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते तेथे पोहोचतो, आणि तेथील प्रोग्रॅम त्याचे ईमेल बनवून त्याच यंत्रातील टपालव्यवस्थेच्या स्वाधीन करतो. दुसरी घटना प्रस्थानाची. ही टपालव्यवस्था ते ईमेल आपल्या रांगेत ठेवते व यथावकाश बाहेर धाडते. तिसरी घटना प्राप्तीची. संस्थेची ईमेलपेटी ज्या सर्व्हरवर असते तो सर्व्हर ते ईमेल ताब्यात घेतो.

पडद्यावरील वाक्य यांपैकी फक्त पहिल्या घटनेची ग्वाही देते. अनेक संकेतस्थळे पी.एच.पी. या भाषेत लिहिलेली असून त्यांचे फॉर्म तिच्या ‘मेल’ या फंक्शनवर विसंबून असतात. हे फंक्शन ‘खरे’ असे उत्तर देते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की, ईमेल रवानगीसाठी स्वीकारले गेले. ते इष्ट स्थळी पोहोचेलच असे नव्हे, हा इशारा त्या भाषेच्या अधिकृत माहितीतही दिलेला आहे. फॉर्म तयार करणारा मात्र ‘स्वीकारले’ याचे भाषांतर ‘पाठविले’ असे करतो आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘पोहोचले’ असा घेतो.

३. स्वीकार आणि प्राप्ती यांमध्ये अंतर पडणे हा मुळात दोष नाही. ती या व्यवस्थेची घडणच आहे. ईमेलच्या वाहतुकीचे नियम एस.एम.टी.पी. या नावाने जॉनथन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडले. त्यांची २००८ ची सुधारित आवृत्ती आर.एफ.सी. ५३२१ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. या नियमांनुसार प्रत्येक सर्व्हर ईमेल ताब्यात घेतो, ठेवतो आणि पुढे देतो. पुढील सर्व्हरने ४ या अंकाने सुरू होणारे उत्तर दिले तर त्याचा अर्थ ‘तूर्त नाही, पुन्हा यावे’ असा असतो. ५ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार. ‘तूर्त नाही’ असे उत्तर मिळाल्यास पुढील प्रयत्न साधारणतः किमान ३० मिनिटांनी करावा आणि चार-पाच दिवसांपर्यंत प्रयत्न सोडू नये, असे हे नियम सुचवितात. पोस्टफिक्स या प्रचलित प्रणालीत, कोणी बदल केला नसल्यास, दोन प्रयत्नांतील अंतर ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत वाढत जाते. म्हणजेच दोनतीन नकार मिळाले तरी ईमेल हरवत नाही. मात्र तास-दोन तास सहज निघून जातात.

४. हा खोळंबा होस्टकडे प्रामुख्याने तीन कारणांनी होतो. पहिले कारण संख्येची मर्यादा. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे असल्यामुळे होस्ट दर तासाला किती ईमेल बाहेर जाऊ द्यावयाचे याची मर्यादा घालतो. फॉर्मला छळणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमांनी ती मर्यादा भरून टाकली की खऱ्या अर्जदाराचे ईमेल रांगेत अडकते. दुसरे कारण शेजाऱ्याचा दोष. बाहेर जाणारे सर्व ईमेल एकाच सामायिक आय.पी. पत्त्यावरून जात असेल, तर एका ग्राहकाने केलेल्या जाहिरातबाजीमुळे त्या पत्त्याची पत जाते आणि सर्वांच्याच ईमेलला ‘तूर्त नाही’ हे उत्तर मिळू लागते.

तिसरे कारण ‘ग्रेलिस्टिंग’ या उपायाशी निगडित आहे. इव्हन हॅरिस यांनी २००३ साली सुचविलेल्या या उपायात अनोळखी ईमेल प्रथम हेतुपुरस्सर परत पाठविले जाते. प्रामाणिक सर्व्हर पुन्हा येतो, भुरटा येत नाही, हे त्यामागील तत्त्व. ओळख पटविण्यासाठी पाठविणाऱ्या सर्व्हरचा आय.पी. पत्ता, प्रेषकाचा पत्ता व प्राप्तकर्त्याचा पत्ता ही त्रयी पाहिली जाते. होस्टने दुसरा प्रयत्न भिन्न आय.पी. पत्त्यावरून केला तर ही त्रयी बदलते, प्रामाणिक पाहुणाही पुन्हा अनोळखी ठरतो आणि प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

५. यांपैकी कोणते कारण लागू आहे हे तर्काने ठरविण्याची गरज नाही. त्याचा पुरावा ईमेलमध्येच असतो. प्रत्येक ईमेलच्या मजकुराआधी हेडर नावाचा, एरवी झाकलेला भाग असतो. वाटेतील प्रत्येक सर्व्हर त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने आरंभ होणारी एक नोंद करतो व तीत वेळ लिहितो. हा शब्द लक्षणीय आहे. कोणताही सर्व्हर येथे ‘मी पुढे पाठविले’ असे म्हणत नाही. ‘मला मिळाले’ एवढीच साक्ष तो देतो. नवी नोंद नेहमी वरच्या बाजूस जोडली जात असल्याने सर्वांत जुनी नोंद तळाशी असते. उत्खननातील थरांप्रमाणे हेडरचा कालक्रमही खालून वर लावावयाचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अर्जाची मुदत सायंकाळी ६ वाजेपर्यंत आहे. तळाची नोंद संकेतस्थळाच्या सर्व्हरची असून तीत १२:२२:०४ ही वेळ व पुढे ‘+००००’ असे चिन्ह आहे. मधली नोंद होस्टच्या बहिर्गामी टपालसर्व्हरची : ०९:३१:४०, ‘-०७००’. सर्वांत वरची नोंद संस्थेच्या ईमेल सर्व्हरची : २२:०१:४७, ‘+०५३०’. वरवर पाहता हे आकडे विसंगत वाटतील. परंतु शेवटची चिन्हे जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर दर्शवितात. तिन्ही वेळा भारतीय प्रमाणवेळेत आणल्या की क्रम स्पष्ट होतो : १७:५२:०४, २२:०१:४० आणि २२:०१:४७. अर्ज मुदतीपूर्वी सुमारे आठ मिनिटे होस्टकडे पोहोचला होता. होस्टच्याच दोन सर्व्हरांच्या दरम्यान ४ तास ९ मिनिटे ३६ सेकंद गेले. संस्थेच्या सर्व्हरपर्यंतच्या अखेरच्या टप्प्यास मात्र ७ सेकंद पुरले.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. दोन नोंदींमधील मोठे अंतर ईमेल आधीच्या सर्व्हरच्या रांगेत पडून होते एवढेच सिद्ध करते. त्याने प्रयत्नच केला नाही की पुढच्याने ‘तूर्त नाही’ म्हटले, हे केवळ आधीच्या सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे त्याच्या दैनंदिन नोंदवहीवरून कळते. दुसरे असे की, नंतरची नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जुनी वेळ दाखवीत असेल तर कोणत्या तरी यंत्राचे घड्याळ चुकलेले आहे. त्या स्थितीत सेकंदांचा हिशेब करू नये.

६. हेडरच्या निष्कर्षाची पडताळणी तुलनेने करता येते. भाषाशास्त्रात ‘क’ व ‘ग’ हे स्वतंत्र वर्ण ठरविण्यासाठी ‘काळ’ व ‘गाळ’ अशी एकाच ठिकाणी भिन्न असणारी जोडी घेतात. तीच रीत येथे उपयोगी पडते. प्रथम फॉर्म तोच ठेवून त्याचे ईमेल वेगळ्या सेवेवरील ईमेलपेटीकडे वळवावे. तेथेही तितकाच उशीर झाला तर संस्थेची ईमेलपेटी बहुधा निर्दोष होय. नंतर ईमेलपेटी तीच ठेवून त्याच होस्टवरील खात्यातून हाताने ईमेल पाठवावे. ते त्वरित पोहोचले तर दोष फॉर्मच्या मार्गात आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास मात्र कोणताच निष्कर्ष निघत नाही.

७. होस्टकडे तक्रार करताना ‘ईमेल उशिरा येते’ एवढेच लिहिण्याने काही साधत नाही. हेडरमधील ‘मेसेज-आयडी’ हे त्या ईमेलचे विशिष्ट अभिज्ञान होय. ते व अंतर दाखविणाऱ्या दोन नोंदी कळविल्या तर होस्टला आपल्या लॉगमध्ये नेमकी नोंद शोधता येते.

उपायही क्रमाने योजावेत. फॉर्मने ‘मेल’ फंक्शनऐवजी नाव व परवलीचा शब्द देऊन, सामान्यतः ५८७ या पोर्टवरून, अधिकृत ईमेल सेवेमार्फत ईमेल पाठवावे. असे केल्याने सामायिक सर्व्हरची रांग टळते. डोमेनच्या एस.पी.एफ. व डी.के.आय.एम. या नोंदी अचूक असाव्यात. ‘फ्रॉम’ या जागी संस्थेचा स्वतःचा पत्ता असावा आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ येथे घालावा. अन्यथा परक्याच्या नावाने लिहिलेले पत्र म्हणून ते संशयास्पद ठरते. स्वयंचलित प्रोग्रॅमांना रोखणारी चाचणी फॉर्मवर ठेवावी, म्हणजे तासाची मर्यादा वाया जात नाही.

सर्वांत महत्त्वाचा उपाय याहून साधा आहे. फॉर्म भरताक्षणी त्यातील मजकूर वेळेसह सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये नोंदवावा, अर्जदारास नोंदक्रमांक द्यावा आणि ईमेल ही केवळ सूचना मानावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ अनुसार, पक्षांनी अन्यथा ठरविले नसेल तर, प्राप्तकर्त्याने निर्दिष्ट केलेल्या संगणक-साधनात अभिलेख प्रविष्ट होतो तीच त्याच्या प्राप्तीची वेळ होय. असे साधन फॉर्म की ईमेलपेटी, हे संस्थेने आपल्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहावे. तसे लिहिले नाही तर होस्टच्या रांगेत गेलेल्या चार तासांची किंमत अर्जदारास मोजावी लागते. त्या रांगेवर त्याची कोणतीच सत्ता नसते. पडद्यावरील वाक्यही त्याबरोबर बदलावे : ‘आपला अर्ज अमुक दिवशी, अमुक वेळी नोंदविला गेला आहे.’ या वाक्यात जे विधान आहे ते सर्व्हरला ठाऊक आहे, आणि जे ठाऊक नाही त्याची ग्वाही त्यात नाही.