सावध मन, तयार शरीर



१५ जानेवारी २०२२, शब्बाथची सकाळ. टेक्सासमधील कॉलीव्हिल गावी बेथ इस्राएल सिनेगॉगच्या दाराशी थंडीत एक अनोळखी माणूस आला. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेऊन चहा दिला. तेफिला चालू असताना त्याने पिस्तूल काढले आणि रब्बींसह चौघांना ओलीस धरले. संध्याकाळी एकाला सोडण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास रब्बींनी त्या माणसावर खुर्ची फेकली आणि उरलेले तिघे दाराबाहेर पळाले. चौघेही वाचले. पूर्वी घेतलेल्या सुरक्षा-शिक्षणामुळेच आपण वाचलो, असे रब्बींनी नंतर सांगितले.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी अमेरिकेत परिचारिकेचे काम करते. माझ्या मते स्वसंरक्षणाचा मोठा भाग हाणामारीचा नसून शरीर आणि मन ओळखण्याचा आहे.

अचानक भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते. बोटे थरथरतात, त्यामुळे फोनची बटणेही दाबता येत नाहीत. नजर एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूचे दार दिसत नाही. काही जण जागच्या जागी थिजतात. हा भित्रेपणा नव्हे, शरीराची ती नैसर्गिक रीत आहे. अशा वेळी नवे काही सुचत नाही, आधी सराव केलेले तेवढे आठवते. म्हणून तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

पहिला सराव श्वासाचा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते आणि डोके चालू लागते. रोज झोपण्यापूर्वी दहा वेळा करा, म्हणजे गरजेच्या वेळी आठवेल.

दुसरा सराव नजरेचा. सिनेगॉग, दुकान, सभागृह, कुठेही शिरताना बाहेर पडायचे दुसरे दार पाहून ठेवा. कॉलीव्हिलला ओलीस असलेला एक सभासद दाराचा अंदाज घेऊन हळूहळू तिकडे सरकत राहिला होता, त्याचा पुढे सर्वांना उपयोग झाला. रस्त्यावर चालताना फोन खिशात ठेवा आणि एक कान तरी मोकळा असू द्या. चश्मा किंवा श्रवणयंत्र लागत असेल तर ते घरी ठेवून फिरायला निघू नका.

तिसरा सराव मनातल्या खटक्याचा. त्या पाहुण्याच्या बोलण्यातले काही जुळत नव्हते, असे रब्बींनी पुढे सांगितले. पण अडचणीत सापडून दारी येणारी माणसे त्यांना नवी नव्हती. यावरून दार कायमचे बंद करावे, असा अर्थ मी काढत नाही. पाहुणचार ही आपली रीत आहे आणि ती टिकावी. मात्र दाराशी एकाऐवजी दोघे असावेत, दोन शब्द बोलावेत आणि मनात खटकले तर लगेच दुसऱ्याला सांगावे. खटक्याचे कारण सांगता आले नाही तरी चालेल. मात्र खटका वागण्यावरून वाटावा, रंगावरून किंवा पेहरावावरून नव्हे.

चौथा सराव पायांचा. पासष्टीपुढच्या माणसांना अमेरिकेत इजेने येणाऱ्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पडणे हे आहे. हल्ल्यापेक्षा तो धोका कितीतरी जवळचा आहे, आणि दोन्हींवर उपाय एकच : मजबूत पाय आणि तोल. भक्कम खुर्चीवर बसून, हातांचा आधार न घेता, दहा वेळा उठा-बसा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोणी पाकीट किंवा साखळी मागितली तर देऊन टाका. शीर सलामत तो पगडी पचास. बंदुकीचा प्रसंग आला तर इथे शिकवला जाणारा क्रम लक्षात ठेवा : आधी पळा, पळता येत नसेल तर लपा, दुसरा मार्गच उरला नाही तर लढा. सुरक्षित जागी पोहोचताच ९११ लावा आणि प्रथम पत्ता सांगा, म्हणजे फोन तुटला तरी मदत येईल. शब्बाथ आहे म्हणून थांबू नका. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथच्या आधी येते.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड धरून दोन्ही हातांनी घट्ट दाबा आणि मदत येईपर्यंत उचलून पाहू नका. मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. याच कारणासाठी २०१५ साली अमेरिकेत ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली. तिचे वर्ग थोड्या वेळात होतात. आपल्या मंडळींनी सिनेगॉगमध्ये असा एक वर्ग जरूर भरवावा.

येत्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये बसण्यापूर्वी दुसरे दार कुठे आहे ते पाहा. ते आतून उघडते का आणि त्याच्यापुढे खुर्च्या रचून ठेवल्या आहेत का, तेही तपासा. अडथळा असेल तर त्याच दिवशी व्यवस्थापकांच्या कानावर घाला.