ट्यूबमधली हवा जाते कुठे?

पंक्चर नाही, वॉल घट्ट आहे, ट्यूब पाण्यात बुडवली तर एकही बुडबुडा येत नाही. तरी मोटरसायकलचं चाक काही दिवसांनी नरम का पडतं, असं एका वाचकाने विचारलं आहे. जोडीला दुसरा प्रश्न आहे: दुकानदार दोन ट्यूब पुढे ठेवतो, दोन्ही काळ्या, एक स्वस्त, एक महाग, घ्यायची कोणती? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती टॉमस ग्रॅहम यांनी 1866 मध्येच सांगून ठेवली होती. डनलॉपचा टायर यायला तेव्हा अजून 22 वर्षं होती.

ग्रॅहम आपल्याला शाळेत भेटतात ते एका नियमापुरते. हलका वायू बारीक छिद्रातून लवकर निसटतो, जड वायू मागे राहतो. नायट्रोजनचा रेणुभार 28, ऑक्सिजनचा 32. म्हणजे रबरातून नायट्रोजन आधी जायला हवा. ग्रॅहम यांनी रबराचा लेप दिलेल्या रेशमी कापडाची पिशवी घेतली, तिच्यातली हवा पंपाने खेचून काढली आणि कापड ओलांडून आत जे आलं ते तपासलं. त्यात ऑक्सिजन 21 टक्क्यांऐवजी सुमारे 41 टक्के होता! जड वायू पुढे निघून गेला होता. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिचेल यांनी तर 1831 च्या सुमारास, 44 रेणुभाराचा कार्बन डायऑक्साइड रबराच्या फुग्यातून भराभर निसटताना पाहिला होता.

आपलाच नियम इथे चालत नाही हे दिसल्यावर ग्रॅहम यांनी प्रयोगाला दोष दिला नाही. ते म्हणाले, याचा अर्थ रबराला छिद्रं नाहीतच. वायू आधी रबरात विरघळतो, आतून सरकत पलीकडच्या पृष्ठभागावर पोचतो आणि तिथून पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. मला हा रसायनशास्त्रातला एक अतिशय सुंदर तर्क वाटतो. डायलिसिसचा पाया घालणारे ग्रॅहम हेच; पण टायरच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी घेत नाही, ही खंत आहे. पाण्यात बुडबुडा का दिसत नाही, तेही यातून कळतं. हवा एका ठिकाणाहून जातच नाही, ट्यूबच्या सगळ्या अंगातून जाते.

मग रबर कोणतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गणपतीच्या मिरवणुकीत माणसं नाचत असतात तेव्हा मध्ये क्षणभर फट पडते, बुजते, दुसरीकडे पडते. चपळ पोरगं त्या फटींमधून सहज पार होतं. तीच माणसं कीर्तनाला मांडीला मांडी लावून बसली की त्याच पोराला पुढे सरकणं मुश्कील होतं. नैसर्गिक रबराच्या साखळ्या मिरवणुकीसारख्या सतत हलत्या असतात. ब्युटाइल रबरात साखळीच्या जवळजवळ दर दुसऱ्या कार्बनला मिथाइलच्या दोन-दोन गाठी असतात, त्यामुळे साखळ्या दाटीने बसतात आणि आळसावल्यासारख्या हलतात. ब्युटाइलचा चेंडू जमिनीवर टाकला तर जेमतेम उसळतो, तापवला की चांगला उसळू लागतो. उसळी न घेणं आणि हवा न सोडणं, दोन्ही एकाच सुस्तीचे गुण.

हे रबर 1937 मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी केलं. 1942 मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले, दोस्त राष्ट्रांचा रबराचा मोठा पुरवठा तुटला आणि ब्युटाइलच्या ट्यूब मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. नैसर्गिक रबराच्या ट्यूबपेक्षा ती साधारण आठ-दहा पट हळू हवा सोडते. रोजच्या वापराला तीच घ्यावी.

मात्र नैसर्गिक रबर टाकाऊ नाही. ते ताणलं की त्यात स्फटिक तयार होतात आणि फाटणं तिथेच अडतं. म्हणून दगडधोंड्यांतून गाडी घालणारे जाड नैसर्गिक रबराची ट्यूब पसंत करतात आणि रोज हवा तपासतात. ब्युटाइलची अडचण निराळी आहे: त्यात रासायनिक दुहेरी बंध फार कमी असल्याने ते लवकर म्हातारं होत नाही, पण त्याच कारणाने पॅचही सहजी धरत नाही. पंक्चर काढताना ट्यूब कानशीने नीट घासली जाते ना, हे पाहा.

मापाबाबत तडजोड नको. लहान ट्यूब मोठ्या टायरात ताणली जाऊन पातळ होते, आणि पातळ भिंतीतून हवा जास्त जाते. मोठी ट्यूब घडी पडून त्या घडीवर झिजते. ट्यूबवरचा 2.75/3.00-18 असा आकडा टायरच्या आकड्याशी जुळवून घ्या. जुनी ट्यूब फुगून वाढलेली असते, म्हणून नव्या टायरला नवी ट्यूब. बसवताना शंखजिरं लावा. आरीच्या चाकात आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवरची रबरी पट्टी शाबूत हवी.

राहिला नायट्रोजन. पंपावर त्याचे वेगळे पैसे घेतात. पण साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि ट्यूबमधून ऑक्सिजन त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. म्हणजे वरचेवर साधी हवा भरत राहिलात तर आतलं मिश्रण आपोआप नायट्रोजनकडे झुकतं. विमानाच्या टायरात नायट्रोजन भरतात, कारण तिथे आगीचा आणि आर्द्रतेचा धोका खरा आहे. मोटरसायकलला त्याची गरज नाही. लडाखच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने चाक फुगवलंत, तर मात्र मिचेल यांचा फुगा आठवा आणि गावात पोचताच ते सोडून साधी हवा भरा.

नायट्रोजनचे पैसे वाचवून एक चांगला प्रेशर गेज घ्या आणि आठवड्यातून एकदा, गाडी काढण्याआधी, चाक थंड असताना हवा मोजा.