बासरी, गिटार आणि जपानचा समुद्र

जपान आणि व्हेल यांच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सतत येत आहेत. २०१९ मध्ये जपान आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगातून बाहेर पडला आणि १ जुलैपासून व्यापारी शिकार पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये शिकारीच्या यादीत फिन व्हेलची भर पडली. त्याच वर्षी जपानच्या वॉरंटवरून व्हेलशिकारविरोधी कार्यकर्ते पॉल वॉटसन यांना ग्रीनलंडमध्ये जवळपास पाच महिने कोठडीत काढावे लागले. या गदारोळात एक गोष्ट मागेच राहिली. ग्रीनपीसच्या ‘व्हेल वाचवा’ मोहिमेसाठी १९८१ मध्ये जी रचना लिहून घेतली गेली, तिचा संगीतकार जपानीच होता. आणि त्यानं ती लिहिली फक्त दोन वाद्यांसाठी : बासरी आणि गिटार.

त्या संगीतकाराचं नाव तोरू ताकेमित्सु. २० फेब्रुवारी २०२६ रोजी त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. आपल्याकडे कुरोसावांचा ‘रान’ पाहिलेल्यांनी त्यांचं संगीत ऐकलेलं असतं. फिल्म सोसायटीच्या मंडळींना ‘वूमन इन द ड्यून्स’ आणि ‘हाराकिरी’ आठवत असतील. पण माझ्या मते ताकेमित्सुंना ओळखायची खरी जागा पडद्यामागे नाही. ती आहे ‘टुवर्ड द सी’ या बारा मिनिटांच्या आतल्या रचनेत, आणि तिच्यापर्यंत पोचायला जपानी संगीतानं जी पन्नास वर्षं घेतली त्यांत.

आधी या जोडीची अडचण समजून घेऊ. गिटारची तार छेडली की सूर उमटतो आणि त्याच क्षणी विरायला लागतो. बासरीचा सूर दम पुरेल तोवर टिकतो, वाढवता येतो, बारीक करता येतो. त्यात पाश्चात्त्य बासरी वरच्या सप्तकात गेली की नायलॉनच्या तारांची गिटार झाकोळून जाते. म्हणून युरोपात या दोघांची वाटणी लवकरच ठरून गेली : बासरीनं गायचं आणि गिटारनं साथ करायची. व्हिएन्नात मावरो जुलियानीनं १८१७ च्या सुमारास बासरी-गिटारसाठी मोठा सोनाटा लिहिला. शूबर्टनं १८१४ मध्ये मातिएग्काच्या बासरी, व्हायोला आणि गिटारच्या ‘नोक्टर्नो’त चेलोची भर घातली. पुढे १९३५ मध्ये इबेरचं ‘आंत्राक्त’ आलं. या सगळ्या रचना सुरेख आहेत, वाजवणाऱ्याचा कस पाहणाऱ्या आहेत, पण त्यांचा मुक्काम दिवाणखान्यातच राहिला.

जपानमध्ये गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. फुंकायचं वाद्य आणि छेडायचं वाद्य यांची जुगलबंदी तिथल्या कानाला नवी नव्हती. कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या बैठकीत शाकुहाची ही बांबूची बासरी मेइजी काळात चांगलीच रुळली होती. तिथे एक गाणार आणि दुसरा साथ करणार अशी विभागणी नसते. सगळे मिळून एकच सुरावट धरतात, पण गायकामागून पेटी जाते तसे किंचित मागेपुढे.

१९२९ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी स्पॅनिश गिटारवादक आन्द्रेस सेगोव्हिया पहिल्यांदा जपानला गेले आणि गिटारवर गंभीर संगीत वाजतं हे तिथल्या श्रोत्यांनी समोर बसून ऐकलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मिचिओ मियागींनी कोतो आणि शाकुहाचीसाठी ‘हारु नो उमि’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’, लिहिलं. १९३० च्या राजदरबारी काव्यसंमेलनाचा विषय समुद्रकाठचे खडक हा होता, त्याला धरून ही रचना झाली. मियागी तेव्हा पस्तिशीचे होते आणि लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या संगीतातला समुद्र हा दिसत होतं त्या वयात पाहिलेला सेतोचा समुद्र आहे. सुरुवातीला कोतोवर लाटेची लय, तिच्यावर शाकुहाचीची लांब ओळ, मध्ये वल्ही मारल्यासारखी घाई आणि पुन्हा संथ पाणी. आज नवीन वर्षाच्या दिवसांत जपानी दुकानांतून हीच रचना ऐकू येते.

‘हारु नो उमि’चा प्रवास रूपांतरांमधून झाला, आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. १९३२ मध्ये फ्रेंच व्हायोलिनवादक रने शेमे जपानला आल्या. त्यांनी शाकुहाचीचा भाग व्हायोलिनवर घेतला आणि मियागींसोबत त्याची ध्वनिमुद्रिका केली. ती परदेशातही विकली गेली. पुढे बासरीवादक झाँ-पिएर राँपाल आणि हार्पवादक लिली लास्किन यांनी ही रचना आपल्या जपानी सुरावटींच्या ध्वनिमुद्रिकेत घेतली. कोतोच्या जागी गिटार आणि शाकुहाचीच्या जागी बासरी असं रूपांतर तर आता या जोडीच्या कार्यक्रमांत सर्रास वाजतं.

असं रूपांतर जवळून पाहिलं तर वाजवणाऱ्याची खरी परीक्षा कळते. शाकुहाची वाजवणारा मान वरखाली करून सूर ओढतो, आपल्या बांसरीवादकाची मींड असते त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार. चाव्यांच्या धातूच्या बासरीवर ओठ वळवून तो सूर थोडाच वाकतो. कोतोवर घोडीच्या पलीकडची तार डाव्या हातानं दाबली की सूर चढतो. गिटारवर पडदे ठरलेले, तार आडवी ताणावी लागते आणि तीही बेतानं. म्हणजे मूळचं बरंच काही हातातून निसटतं. जे निसटतं ते परत कसं आणायचं, हे शोधताना बासरीवाला श्वासाच्या खरखरीकडे लक्ष देऊ लागतो आणि गिटारवाला सूर विरतानाच्या टप्प्याकडे. अरेंजमेंटला दुय्यम समजणाऱ्यांना हे दिसत नाही. नव्या संगीताची शाळा तिथेच भरते.

वाद्यंही तोवर घरची झाली होती. कोइची मुरामात्सुंनी १९२३ पासून जपानमध्ये बासरी बनवायला घेतली आणि आज त्यांच्या नावाच्या बासऱ्या जगभरच्या वाद्यवृंदांत वाजतात. मासारू कोनो माद्रिदला जाऊन गिटार बनवायला शिकले. १९६७ मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या गिटारनिर्मिती स्पर्धेत पहिलं बक्षीस त्यांच्या गिटारला मिळालं. दहा वर्षांनी नागासाकीचा काझुहितो यामाशिता नावाचा सोळा वर्षांचा मुलगा एकाच वर्षात युरोपातल्या तीन मोठ्या स्पर्धा जिंकून आला. पुढे त्यानंच जेम्स गॉल्वेंच्या बासरीबरोबर जुलियानीसारख्यांच्या जुन्या इटालियन संगीताची ध्वनिमुद्रिका केली.

आता ताकेमित्सु. १९४४ मध्ये चौदा वर्षांचा हा मुलगा युद्धाच्या सक्तीच्या कामावर होता. शत्रूचं संगीत बंद होतं. तिथल्या एका लष्करी माणसानं बांबूची सुई लावलेल्या ग्रामोफोनवर मुलांना एक फ्रेंच गाणं ऐकवलं. संगीतकार व्हायचं बीज तिथे पडलं, असं ताकेमित्सु आयुष्यभर सांगत आले. रीतसर शिक्षण जवळपास नाही. जपानी पारंपरिक संगीत त्यांना कितीतरी वर्षं नकोसं होतं, कारण त्यानं युद्धाची आठवण यायची. पुढे बुनराकू या बाहुलीनाट्यातली शामिसेन ऐकून त्यांना आपल्याच घरातली वाद्यं नव्यानं ऐकू आली, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी त्यांनी बिवा हे तंतुवाद्य, शाकुहाची आणि वाद्यवृंद यांचं ‘नोव्हेंबर स्टेप्स’ लिहिलं.

बासरी आणि गिटार मात्र त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. १९६१ चं ‘रिंग’ हे बासरी, छोट्या आकाराची टेर्झ गिटार आणि ल्यूट यांच्यासाठी आहे. १९७७ मध्ये त्यांनी गिटारसाठी १२ गाण्यांची रूपांतरं केली. त्यांत बीटल्सची चार गाणी आहेत, ‘समरटाइम’ आहे आणि ‘इंटरनॅशनल’सुद्धा आहे. इतक्या मोठ्या संगीतकारानं लोकांच्या तोंडी असलेली गाणी का घ्यावीत, असं कोणाला वाटेल. मला त्यात त्या फ्रेंच गाण्याचं ऋण दिसतं. आणि चार वर्षांनी आलेल्या ‘टुवर्ड द सी’मध्ये गिटार जी इतकी मोकळी वावरते, तिची तयारीही दिसते.

‘टुवर्ड द सी’चे तीन भाग आहेत : ‘द नाइट’, ‘मोबी डिक’ आणि ‘केप कॉड’. टोरांटोत कॅनडाचे बासरीवादक रॉबर्ट एटकन आणि क्युबाचे गिटारवादक लिओ ब्रावर यांनी ती पहिल्यांदा वाजवली. ताकेमित्सुंनी इथे नेहमीची बासरी घेतली नाही. ऑल्टो बासरी घेतली, जी तिच्यापेक्षा पाच अर्धस्वर खाली बोलते. या एका निवडीनं जुनी अडचण सुटली. ऑल्टोचा खालचा, हवेनं भरलेला आवाज गिटारच्या मधल्या तारांच्या टापूत येऊन बसतो. बासरी गिटारवर स्वार होत नाही. गिटारचा सूर विरत असतानाच बासरीचा श्वास सुरू होतो, आणि कुठला सूर कुठे संपला ते पहिल्या ऐकण्यात कळत नाही. स्वरलिपीत मात्रांच्या उभ्या रेघा जवळपास नाहीतच. वाजवणाऱ्या दोघांना ठेका मोजता येत नाही. एकमेकांचा श्वास ऐकावा लागतो.

घरात पेटी असेल तर आत्ताच एक करून पाहा. काळी दोन, पांढरी तीन, पांढरी सहा, या क्रमानं सावकाश दाबा. या तीन सुरांची जर्मन नावं, Es (म्हणजे S), E आणि A, जोडली की इंग्रजीतला समुद्र, ‘sea’, होतो, आणि याच बीजावर ही रचना उभी आहे. आपल्या हिशेबानं काळी दोनला षड्ज धरला तर ते होतात सा, कोमल रे आणि तीव्र मध्यम. पूरिया धनाश्री किंवा श्री ऐकलेल्या कानाला ही संध्याकाळची हुरहूर परकी वाटणार नाही. ताकेमित्सुंनी राग मांडलेला नाही. पण मराठी श्रोत्याला या संगीतात शिरायला हे दार मोकळं आहे, आणि त्यासाठी पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा देण्याची गरज नाही.

या संगीताला ‘झेन’, ‘ध्यान’, ‘पौर्वात्य शांतता’ अशी लेबलं लावून विकलं जातं. माझा त्याला विरोध आहे. ‘मोबी डिक’ हा भाग ऐका. त्यात ओढ आहे, थबकणं आहे, दबलेली धास्ती आहे. १९८१ मध्ये जपानी जहाजं अंटार्क्टिकात व्हेल मारत होती. व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव आयोगात मंजूर झाला तो पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, आणि जपाननं त्यावर आक्षेप नोंदवला. अशा वेळी जपानमधल्या सर्वांत नामांकित संगीतकारानं हे काम घेतलं. ही रचना आपण समुद्राला केलेलं वंदन आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यात भूमिका आहे, आणि ती भाषणाविना घेतलेली आहे. शिकार संगीतानं थांबली नाही, हे आज आपण बघतोच आहोत. पण मोहिमेची पत्रकं कधीच जुनी झाली आणि ही रचना आजही जगभर वाजते. ताकेमित्सुंनी स्वतः तिची आणखी दोन रूपं केली : एकात ऑल्टो बासरी, हार्प आणि तंतुवाद्यवृंद, दुसऱ्यात ऑल्टो बासरी आणि हार्प. १९९५ मध्ये आजारपणाच्या वर्षात त्यांनी गिटारसाठी ‘इन द वुड्स’ आणि एकट्या बासरीसाठी ‘एअर’ लिहिलं. शेवटच्या वर्षीही त्यांच्याजवळ हीच दोन वाद्यं होती.

आता आपल्याकडे वळू. ‘नोव्हेंबर स्टेप्स’च्याच साली, १९६७ मध्ये, मुंबईत एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका काढली. हरिप्रसाद चौरसियांची बांसरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. त्यामागे होते आपले भावगीतगायक जी. एन. जोशी. बासरी आणि गिटार यांची आपली जोडी तेव्हाच जमली होती आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग पुढे काय झालं? आपण ती ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकली आणि तिथेच थांबलो. बासरी-गिटारच्या जुगलबंद्या होतात, फ्युजनचे कार्यक्रम होतात, दोन तासांत विसरले जातात. कारण त्यातलं फार थोडं कोणीतरी बसून, विचार करून, दुसऱ्या कलावंताला वाजवता येईल असं लिहिलेलं असतं. जपानमध्ये रूपांतरं करता करता कान घडला, कान घडल्यावर नवी रचना झाली, आणि ती कागदावर आल्यामुळे टोरांटोपासून टोकियोपर्यंत कोणालाही वाजवता आली.

पुण्या-मुंबईत आज उत्तम बांसरीवादक आहेत, क्लासिकल गिटार शिकलेली तरुण मुलं आहेत, मोठे संगीत महोत्सव आहेत आणि प्रायोजकही आहेत. नाही ते फक्त काम सांगणारं कोणी. महोत्सवांच्या आयोजकांना आणि संगीत मंडळांना माझी विनंती आहे : पुढच्या मोसमात एका तरुण संगीतकाराला मानधन द्या आणि बांसरी-गिटारसाठी दहा मिनिटांची एक नवी रचना लिहून घ्या. विषय त्याच्यावर सोडा. आपल्यालाही समुद्र आहेच.