आहे, नाही, डबल

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा सांगलीत माझ्या आतेभावाच्या घराचा तळमजला पाण्यात होता. पाणी उतरल्यावर घरचे फ्रीज आणि गाद्या उपसत होते. हा मात्र एका पत्र्याच्या डब्यासमोर बसलेला. डब्यात नव्वदच्या दशकातली आमची कार्डं होती. काही बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटची, काही पहिलवानांची ट्रम्प कार्डं. त्यांची चिखलात भिजून वीट झाली होती. "काय काय होतं रे यात?" मी विचारलं. त्याला सांगता येईना. कार्डं गेली याहून हे त्याला जास्त लागलं.

माझ्या वाट्याची कार्डं साताऱ्यात कोरडी होती. तेव्हा यादी करायचं ठरलं. माझी डोळ्यांसमोर ठेवून, त्याची आठवणीतून.

ट्रम्प कार्ड नीट पाहा. उंची, वजन, छाती, दंड, लढती. प्रत्येक कार्डावर त्याच ओळी, त्याच क्रमानं, फक्त आकडे वेगळे. म्हणजे कुणीतरी मोठा तक्ता केला आणि त्याच्या आडव्या ओळी कापून मुलांना वाटल्या. त्या पुन्हा जोडायच्या, एवढंच आपलं काम.

या कामाचा मूळपुरुष जेफरसन बर्डिक. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा हा माणूस विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरीला होता, संधिवातानं बोटं आखडलेली. १९३९ मध्ये त्यानं कार्डांची पहिली सूची छापली. त्याची युक्ती साधी होती: प्रत्येक संचाला एक अक्षर आणि एक आकडा. विसाव्या शतकात तंबाखूबरोबर आलेल्या कार्डांना 'टी'. त्यातल्या 'टी२०६' संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं, आणि आजही संग्राहक त्या संचाला बर्डिकनं दिलेल्या नावानंच ओळखतात. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा आपला संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तिथं बसून स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये ते काम हातावेगळं केलं आणि मार्चमध्ये तो गेला.

आम्ही एक्सेल उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळी चुकलो. कार्डाचा क्रमांक ३/१२ लिहिला, एक्सेलनं त्याची तारीख केली. ००७ लिहिलं, त्याचं ७ झालं. हसू नका, शास्त्रज्ञही यात फसलेत. 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करतं म्हणून २०२० मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं त्या जनुकाचं नावच बदललं. आपल्याला एवढं करायला नको. क्रमांकाचा रकाना आधी निवडायचा, त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा, मग लिहायला घ्यायचं.

रकाने आठ पुरतात: आपला क्रमांक, संच, वर्ष, कार्डावरचा क्रमांक, नाव, प्रती, अवस्था, जागा. एका प्रकारच्या कार्डाला एकच ओळ. डबल असेल तर नवी ओळ नाही, 'प्रती'त आकडा वाढवायचा. जे कार्ड नाही त्याचीही ओळ ठेवायची, प्रती शून्य. संग्राहकाला खरी गरज या शून्यांचीच असते. अदलाबदलीला जाताना 'प्रती'ला फिल्टर लावला की काय मागायचं आणि काय द्यायचं ते एका क्षणात दिसतं. 'अवस्था' मात्र मनाला येईल तशी लिहू नये. 'छान', 'बरं', 'ठीकठाक' यांतला फरक महिन्याभरानं आपल्यालाच कळत नाही. चार शब्द ठरवा आणि यादीतून निवडायची सोय करा. आमचा चौथा शब्द 'पुरातलं' आहे.

खरी कसोटी नावांची. आमच्या डब्यात आपल्या दोन जिल्ह्यांचं कुणीच नव्हतं, म्हणून भाचीनं घरीच पुठ्ठ्याची ट्रम्प कार्डं केली. सांगलीत जन्मलेले विजय हजारे: ३० कसोट्या, २,१९२ धावा, ७ शतकं, १९४८ मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५. सांगलीचेच नंदू नाटेकर, १९६१ चे पहिल्या फळीतले अर्जुन पुरस्कारविजेते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कांस्य. साताऱ्याची आदिती स्वामी, २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती. आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी, पॅरिस पॅरालिम्पिक, गोळाफेक, १६.३२ मीटर, रौप्य. आणि अर्थात सांगलीची स्मृती. तिथंच अडलं. आतेभावानं 'मानधना' लिहिलं, मी 'मंधाना'. वर्तमानपत्रांतही दोन्ही चालतं. खाशाबा माझ्याकडे 'ख'मध्ये, त्याच्याकडे 'के. डी. जाधव' म्हणून 'क'मध्ये. दोन याद्या जोडल्या तर सहाची आठ माणसं झाली. कोणतं रूप बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा एक पक्कं करून वेगळ्या पानावर नोंदवणं शहाणपणाचं.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. 'ॲ' टंकण्याच्या दोन पद्धती आहेत: एक तयार अक्षर, दुसरी 'अ'वर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. त्यामुळे वेस्ट इंडीजचा ॲम्ब्रोज आमच्या यादीत दोनदा आला आणि शोधताना अर्धाच सापडला. अनुक्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर येतो, पण संगणकाच्या संकेतमालेत तो 'ल'च्या शेजारी बसवलाय. ज्यांच्या जिल्ह्यात, वाईला, मराठी विश्वकोशाची नोंद अन् नोंद अकारविल्हे लावली गेली, त्यांना हे खटकणारच. क्रम नावावर सोडू नका, आपल्या क्रमांकावर लावा.

यादीची एक प्रत आता सांगलीत आहे, एक साताऱ्यात आणि एक ऑनलाइन. कार्डांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं काढली आहेत. नदीकाठच्या माणसानं डबा माळ्यावर ठेवावा, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. आम्हाला ते पुरानं सांगितलं.

सध्या यादीत २३ ओळींसमोर शून्य आहे, बहुतेक क्रिकेटच्या. तुमच्याकडे नव्वदच्या दशकातली डबल असतील तर बोला. आमच्याकडे ॲम्ब्रोज तीन आहेत.