समुद्रातल्या लायटीचा वाद: एलईडी मासेमारीबद्दल तुम्ही विचारलेले प्रश्न

(एपिसोडचं संपादित लिखित रूप)

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रुपवर ऑक्टोबरनंतर एक व्हिडिओ हमखास फिरतो. काळोखी रात्र, समुद्रात दूरवर पांढरेशुभ्र दिवे आणि मागून आवाज, "बघा, लायटीवाले इले!" खाली कमेंटमध्ये लढाई सुरू. एक म्हणतो, हे दरोडेखोर आहेत. दुसरा म्हणतो, टेक्नॉलॉजीला विरोध कशाला? जपानमध्ये चालतं, मग इथे का नाही? तिसरा कायदा शिकवतो, चौथा म्हणतो समुद्र कुणाच्या बापाचा नाही.

गंमत अशी की हे चौघं चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. दिवा लावून मासे जास्त मिळतात का, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न. त्याने मासळी संपते का, हा विज्ञानाचा. ते बेकायदा आहे का, हा कायद्याचा. आणि कुणाच्या वाट्याला किती यावं, हा न्यायाचा. आज तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

प्रश्न १: दिवा लावला की मासे येतात, हे खरंच आहे का?

खरं आहे, आणि नवीनही नाही. मशाल, पेट्रोमॅक्स घेऊन मासे पकडणं जगभर जुनं आहे. प्रकाशाकडे आधी पाण्यातले सूक्ष्म जीव गोळा होतात. ते खायला बारीक मासळी येते. तिच्या मागे मोठी मासळी आणि म्हाकुल. काही मासे तर नुसत्या प्रकाशाकडेच ओढले जातात. म्हणून ही मासेमारी अमावास्येच्या आसपास जोरात चालते आणि पौर्णिमेला थंडावते. आकाशातच मोठा दिवा असेल तर बोटीवरच्या दिव्याला कोण विचारतो?

मग एलईडीने काय बदललं? जुना पिवळा बल्ब जेवढी वीज खातो, तेवढ्यात एलईडी सात-आठ पट प्रकाश देते. म्हणजे तोच जनरेटर, तेवढंच डिझेल, पण उजेड कित्येक पट. शिवाय रंग निवडता येतो. लाल प्रकाश पाण्यात थोड्या मीटरमध्येच विरतो, निळा-हिरवा खोलवर जातो. काही दिवे तर थेट पाण्याखाली सोडता येतात.

याला जोड मिळते पर्ससीन जाळ्याची. हे जाळं मासळीच्या थव्याभोवती गोल टाकतात. वर तरंगणारे बोये, खाली कड्या आणि त्या कड्यांतून ओवलेला दोर. दोर विंचने ओढला की बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं खालून बंद होतं. थवा आतच. पूर्वी हा थवा शोधत फिरावं लागायचं. आता दिवा लावून काही तास थांबायचं, थवा स्वतःहून येतो.

याच्या शेजारी रापण ठेवून बघा. होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच रापणीला काहीतरी मिळणार. बाहेर समुद्रातच ती गोळा करून उचलली, तर रापणकर दोर ओढतात आणि जाळ्यात येतो तो कचरा. भांडणाचं मूळ इथे आहे.

प्रश्न २: जाळी भरून येतायत, मग मासळी संपली कशी म्हणता?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, कारण तो ऐकायला अगदी बिनतोड वाटतो.

समजा एका मोठ्या मैदानात हजार माणसं विखुरलेली आहेत आणि मध्यभागी तुम्ही फुकट जेवण ठेवलं. पाचशे माणसं मंडपात जमली. दुसऱ्या दिवशी मैदानात सहाशेच उरली, तरी मंडपात पाचशे येऊ शकतात. मंडपाच्या दारात उभं राहून मोजणाऱ्याला वाटेल, काहीच कमी झालेलं नाही. दिव्याखालचं जाळं म्हणजे हा मंडप. विखुरलेली मासळी तो एकत्र आणतो, त्यामुळे साठा घटत असतानाही जाळी भरत राहतात. आणि मग एक दिवस अचानक भरायची थांबतात.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला कॉड माशाचं असंच झालं. मोठ्या ट्रॉलरांना थवे सापडत होते, त्यावरून साठा ठीक आहे असा अंदाज धरला गेला. १९९२ च्या जुलैमध्ये सरकारला तिथली कॉड मासेमारी थेट बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. तिथे कारण एलईडी नव्हती, पण 'जाळं भरतंय म्हणजे समुद्र भरलेला आहे' हा तर्क तोच होता.

दुसरा मुद्दा पिल्लांचा. प्रकाशाकडे बारीक मासळीही येते. गोल जाळं आवळलं की अंडी घालायच्या वयाला न पोचलेली मासळीसुद्धा आतच राहते. जी यंदा पकडली, ती पुढच्या वर्षी अंडी घालणार नाही.

प्रश्न ३: म्हणजे मासळी कमी झाली ती एलईडीमुळेच ना?

इथे जरा थांबा. 'एलईडीमुळेच' मधला 'च' जड आहे.

केरळची तारली बघा. २०१२ मध्ये तिथे जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. शास्त्रज्ञांनी यात अतिमासेमारीबरोबर एल निनो आणि तापलेल्या समुद्राचाही हात दाखवला. पुढच्या दोन वर्षांत तीच तारली पुन्हा लाख टनांच्या वर गेली. तारली, बांगडा यांचे थवे निसर्गतःच वर-खाली होतात. त्यात बारीक आसाची जाळी, तळ खरवडणारे ट्रॉल, वाढलेल्या बोटी, हे सगळं आलंच.

म्हणून एका हंगामाचा आकडा दाखवून 'बघा, एलईडीने संपवलं' असं कुणी म्हणालं तर तो पुरावा कच्चा आहे. आणि 'हवामान बदललंय, आमचा काय दोष' असं कुणी म्हणालं तर तेही चालणार नाही. साठा आधीच ताणाखाली असेल तर उपसण्याचा वेग कमी करायला हवा, वाढवायला नको. हवामान आपल्या हातात नाही. दिवा आहे.

प्रश्न ४: जपानमध्ये चालतं, मग इथे का नाही?

जपानमध्ये दिवे लावून म्हाकुल पकडतात, हे खरं. पण तिथे ती परवाना घेऊन, नियमांच्या चौकटीत चालते. कोण, कुठे, कधी, किती, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे एकाच पाण्यात बांगडा, तारली, म्हाकुल, सुरमई, पापलेट असे कितीतरी प्रकार एकत्र असतात. त्यात 'मला फक्त म्हाकुल हवंय' असं जाळ्याला सांगता येत नाही. तिकडचं यंत्र उचलून आणायचं आणि तिकडची शिस्त तिकडेच ठेवायची, याला तंत्रज्ञानाची बाजू घेणं म्हणत नाहीत.

प्रश्न ५: कायदा नेमका काय सांगतो?

किनाऱ्याच्या बेसलाइनपासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा विषय. राज्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१.

पर्ससीनबाबत डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला. परवान्यांची संख्या कमी करायची आणि मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच, असं त्यात होतं. म्हणजे पर्ससीन सरसकट बंद नाही, मर्यादित आहे. कमेंटमध्ये हे दोन्ही कायम एक केले जातात.

एलईडीचं तसं नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये १२ मैलांबाहेरच्या आपल्या हद्दीतही एलईडी आणि इतर कृत्रिम प्रकाशातल्या मासेमारीवर बंदी घातली. त्यामुळे 'आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो' ही सबब एलईडीला लागू पडत नाही. राज्याने २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून एलईडी मासेमारीसाठी ५ लाख ते २० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांसमोर चालायची. आता ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलेत.

मग दिवे दिसतात कसे? कारण समुद्रात पकडावं लागतं. गस्तीनौका पोचेपर्यंत दिवे बंद होतात आणि बोट पुढे निघून जाते. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली, ती याचसाठी. जे तंत्रज्ञान मासळी गोळा करायला वापरलं जातं, तसंच तंत्रज्ञान पुरावा गोळा करायलाही लागतंय.

प्रश्न ६: किनाऱ्यावरून दिसणारी बोट बारा मैलांच्या आत असते का?

याचं उत्तर शाळेतल्या गणिताने निघतं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दूरचा दिवा क्षितिजाखाली जातो. सूत्र सोपं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या, त्याला ३.८६ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. तुम्ही पुळणीवर उभे आहात, मोबाईल पाण्यापासून दोन मीटरवर, तर तुमचं क्षितिज साडेपाच किलोमीटर. बोटीवरचा दिवा नऊ मीटर उंच असेल तर त्याचं साडेअकरा. बेरीज सतरा.

म्हणजे पुळणीवरून दिवा स्वतः दिसत असेल, तर ती बोट साधारण १७ किलोमीटरच्या आत आहे. बारा मैल म्हणजे २२ किलोमीटर. पुळणीवरून २२ किलोमीटरवरचा दिवा दिसायला तो जवळपास १९ मीटर उंचीवर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा वर हवा.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, आभाळात पडलेला नुसता उजेड यापेक्षा कितीतरी लांबून दिसतो, तो धरायचा नाही. दोन, तुम्ही ४० मीटर उंच कड्यावर उभे असाल तर तोच नऊ मीटरवरचा दिवा ३६ किलोमीटरवरूनही दिसेल. त्यामुळे रील कुठून काढलीय हे सांगितल्याशिवाय 'बारा मैलांच्या आत' असा शिक्का मारता येत नाही. आणि प्रत्येक दिवा एलईडी मासेमारीचा नसतो. नांगरलेल्या बोटी, मालवाहू जहाजं यांनाही दिवे असतातच.

प्रश्न ७: पर्ससीनवाल्यांची बाजू कुणी ऐकायची?

ऐकायलाच हवी. मोठी बोट कर्जावर असते, तिच्यावर खलाशांची कुटुंबं चालतात आणि हंगाम चार महिन्यांचा. आपण थांबलो तर शेजारच्या राज्यातली बोट येऊन तीच मासळी नेईल, ही भीती खोटी नाही. पण नीट बघितलं तर हा युक्तिवाद सगळ्यांवर सारखी कारवाई करा, असा आहे. मला दिवे लावू द्या, असा नाही. परवान्याने, ठरल्या काळात, बिनदिव्याची पर्ससीन करणारा आणि रापणकर, दोघांचंही नुकसान दिव्यावाला करतो. ग्रुपवर मात्र पर्ससीन म्हटलं की सगळे एकाच टोपलीत.

प्रश्न ८: आम्ही काय करू शकतो?

बाजारातला बांगडा दिव्याखाली पकडला की रापणीत, हे बघून कळत नाही. पण आकार कळतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुमचा मोबाईल बहुतेक पंधरा-सोळा सेंटिमीटरचा असेल. पापलेट त्याहून बरंच आखूड दिसलं तर घेऊ नका आणि कोळणीला तसं सांगा. गिऱ्हाईक घेत नाही म्हटल्यावर तीही पुढच्या वेळी लिलावात विचार करते.

आणि दिवे दिसले तर? रीलवर गाणं लावण्याआधी तारीख, वेळ, तुम्ही उभे होतात ती जागा आणि दिव्याची दिशा लिहून ठेवा. मोबाईलमधला कंपास पुरतो. दोन गावांतून एकाच वेळी दिशा नोंदवल्या, तर नकाशावर दोन रेषा ओढून बोटीची जागाही काढता येते. तशी तक्रार मत्स्यव्यवसाय खात्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. लाख व्ह्यूजच्या व्हिडिओपेक्षा ही अर्ध्या पानाची नोंद गस्तीनौकेला जास्त उपयोगी पडेल.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात यंदा रापणीला काय मिळालं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. मालवणीतूनच पाठवा, आपण पुढच्या भागात ऐकवू. येवा, बोलूया!