शेतावरची शिदोरी : लोणचे व सूर्यफुलाचे बी

देवळाली प्रवरा व आसपासच्या शिवारात दुपारच्या भाकरीबरोबर काय जाते, असे विचारल्यास पुष्कळदा एकच उत्तर मिळते : कांदा आणि लोणच्याची फोड. कालवण असले तर उत्तम, नसल्यास लोणच्यावर भागते. या ‘भागण्या’विषयीच आम्हांस थोडे लिहावयाचे आहे.

लोणच्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या जिल्ह्यात कागदी लिंबू चांगले पिकते; शेजारच्या राहुरीच्या कृषि विद्यापीठाने ‘साई सरबती’ हा वाण दिला तो याच फळाचा. बाजार पडला म्हणजे लिंबू बांधावर टाकण्यापेक्षा बरणीत घालणे केव्हाही शहाणपणाचे. परंतु त्यास टिकविते ते मीठ. शंभर भाग लोणच्यात सामान्यतः दहा ते पंधरा भाग मीठ असते. म्हणजे २० ग्रॅम लोणच्याबरोबर दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात जाते. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाम गाळणारास मीठ लागतेच, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण त्याच बरणीतले लोणचे घरच्या रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्यांच्याही ताटात पडते, हे विसरू नये. शिवाय लोणच्यात प्रथिने नावापुरतीच. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वही बरणीत दिवसेंदिवस घटत जाते. ताजे लिंबू भाजीवर पिळल्यास ते तर मिळतेच, वर बाजरीतील लोहही अंगी अधिक लागते.

आता सूर्यफूल पाहा. त्याच्या १०० ग्रॅम सोललेल्या बियांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने व ५० ग्रॅम स्निग्धांश असतो. ‘ई’ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम विपुल, आणि मीठ जवळजवळ नाहीच. मूठभर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम गरातून पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पोपटांना हे आमच्या आधी कळले आहे! मात्र हे बी डाळीची जागा घेणार नाही. भाकरीत जे लायसिन कमी, ते याही बियांत कमीच. ती उणीव तूर-मूगच भरून काढतात.

तेलबियांचे सुधारलेले सूर्यफूल आपल्या देशात १९६९ साली रशियातून आले. पुढे ते महाराष्ट्रात पुष्कळ पसरले व अलीकडे पुन्हा आटले. पाखरांचा उपद्रव आणि दराची अनिश्चितता यांचा त्यात मोठा वाटा आहे. आम्हांस खटकते ते निराळेच. जो हे पीक घेतो तो सारे बी व्यापाऱ्यास घालतो, आणि त्याच्याच घरी शिदोरीत कोरडी भाकरी व लोणचे जाते. कारळ्याची व जवसाची चटणी ज्या घरी होते, तेथे सूर्यफुलाची होण्यास अडचण कसली? गर मंद भाजावा, लसूण, लाल मिरची व बेताचे मीठ घालून कुटावा. आठवड्यापुरतेच बी सोलावे. सोललेला गर लवकर खवट होतो, टरफलासह बी पुष्कळ टिकते.

एक गोष्ट मात्र घरच्या मंडळींस बजावून सांगावी. पेरणीच्या पिशवीतले उरलेले बी औषध चोळलेले असते. ते धुऊनही खाऊ नये, आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये.